जोडीदाराचे नाव

फॉर्मवर एक रकाना असायचा: जोडीदाराचे नाव.
मी लिहायचे, केयूर नटवरलाल पंचाल.
दांडिया बाजारातल्या झेरॉक्सवाल्याने एकदा चष्म्यावरून पाहिलं,
लग्नाचा आहे का फॉर्म?
स्केटिंगचा, म्हटलं. पेअर.
त्याने दोन प्रतींचे पैसे घेतले.

पहाटे साडेपाचला सिमेंटची रिंक दवाने ओली.
खासगीवाले सर तिच्यावरून गोणपाट ओढत फिरायचे,
आम्ही पायरीवर बसून बेअरिंगं रॉकेलात धुवायचो.
वर्गात बाई म्हणायच्या, स्टोव्ह पेटवून कोण आलंय गं?

उत्तरेच्या कोपऱ्यात बोटभर भेग होती.
तिथे उडी उतरवायची नाही, हे पायांना पाठ.
विशाखापट्टणमला नॅशनल्सची रिंक आरशासारखी गुळगुळीत,
तरी आम्ही त्या जागी वळसा घातला
दोघांनी, एकाच क्षणी,
बडोद्यात राहिलेल्या भेगेला.
परीक्षकांना ती रचना वाटली. गुण दिले.

मोजायचं कुठल्या भाषेत, यात पहिला महिना गेला.
मी तीन म्हणेपर्यंत त्याचं त्रण होऊन गेलेलं
आणि मी अर्धी हवेत, अर्धी अजून मराठीत.
शेवटी सरांनी आकडेच बंद केले.
मग उचलण्याआधी तो नुसतं म्हणायचा:
हं.

माझं वजन आईच्या आधी त्याला कळायचं.
काल श्रीखंड? विचारायचा खालून,
मान वर न करता.
दोन वाट्या, मी वरून सांगायचे.

सतराव्या वर्षी त्याच्या हातातून निसटले.
मनगटात दोन स्क्रू.
तिसऱ्या दिवशी आला तो, तळहात पुढे धरून,
जणू मी छड्या मारणार होते.
पावडर कमी लावतोस, एवढंच म्हणाले.
त्यानंतर वर्षभर तो हात इतका घट्ट धरायचा
की बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत टिकायचे,
आणि मी ते बाहीखाली लपवायचे, त्याच्यापासूनसुद्धा.

बर्फ एकदाच. गुडगावच्या एका मॉलमध्ये,
रात्री अकरानंतर, तासाचं भाडं तीन घरांनी मिळून भरलेलं.
चाकं नाहीत, एक पातं फक्त.
थांबून मागे पाहिलं तर आम्ही काय काय केलं
ते सगळं पांढऱ्यात कोरलेलं, चुकांसकट.
सिमेंटने आमचं कधी काही लिहून ठेवलं नव्हतं.
मग मशीन आलं आणि पुसून गेलं.

कांस्यपदक मिळालं.
त्या वर्षी देशभरातून जोड्या तीनच उतरल्या होत्या.
बाबा हे सांगत नाहीत. मी सांगते.

पेपरात फोटो आला: त्याच्या डोक्यावर मी आडवी.
पुण्याहून मला बघायला आलेल्या काकूंनी
चहा अर्धा ठेवून विचारलं,
हा कमरेवरचा हात कुणाचा?
आईला पटकन सुचलं ते म्हणाली:
फेडरेशनचा.

पुढे केयूरला रिफायनरीत नोकरी लागली, शिफ्टची.
मी रकाना कोरा ठेवून फॉर्म पाठवला.
कोरा चालत नाही, म्हणून परत आला.

आता गोत्रीला शिकवते. अडतीस मुली, सगळ्या एकेकट्या.
जोडीत कुणी या, म्हटलं तर म्हणतात,
मॅडम, पडायचंच तर दुसऱ्याच्या हातून कशाला?
मला उत्तर येत नाही. शिट्टी वाजवते.

गेल्या महिन्यात मनगट दुखतं म्हणून
सयाजी हॉस्पिटलात एक्स-रेच्या रांगेत उभी होते.
पुढे एक टक्कल पडलेला माणूस
म्हाताऱ्या आईला व्हीलचेअरवरून स्ट्रेचरवर घेत होता.
आधी गुडघे वाकवले, पाठ सरळ,
सर शिकवायचे तसंच.
त्याने मला पाहिलं नव्हतं.

हं, म्हणाला.

म्हातारी अलगद वर गेली,
आणि इकडे रांगेत, हातात केसपेपर,
माझ्या टाचा जमिनीवरून सुटल्या.